कोजागिरीचा बटाटा

कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चंद्राच्या फोटोंचा पाऊस पडतो. दोन पांढरे ठिपके; त्यातला रस्त्यावरचा दिवा कोणता आणि चंद्र कोणता, हे फोटो काढणाऱ्यालाच ठाऊक. आपण या गर्दीतले नाही, हे जगाला, म्हणजे बी विंगला, कळायला हवं होतं. खुद्द आमच्या खांदेश्वर महादेवाचं एका चंद्रकोरीवर भागतं, पण माझं भागेना. मी इतर ग्रहांचे चंद्र शोधायला बसलो.

माल भरपूर. एकट्या शनीचेच मार्च 2025मध्ये 274 भरले; पण बहुतेकांचा फोटो म्हणजे पुन्हा ठिपकाच. गुरूचा आयो देखणा; त्याचे धगधगते ज्वालामुखी 1979 साली व्हॉयेजर-1च्या फोटोत सापडले. शेवटी स्वदेशी निवडला: मंगळाचा फोबोस. आपल्या मंगळयानाने 1 जुलै 2020 रोजी सुमारे 4,200 किलोमीटरवरून टिपलेला. टाकला, आणि 'वा काका!'ची वाट बघत बसलो.

सेक्रेटरींनी विचारलं, "बटाटे कसे किलो?"

चंद्रच तेवढा, त्याला मी काय करू? सरासरी 22 किलोमीटरचा. पनवेलला लोकल पकडली तर वाशीच्या आसपास चंद्र संपतो. पण त्यावर 9 किलोमीटरचा एक खड्डा आहे, स्टिकनी नावाचा, आणि आता मला कुणी अडवू नये.

1877 साली वॉशिंग्टनच्या वेधशाळेत असाफ हॉल मंगळाचे चंद्र शोधून शोधून कंटाळला. सोडून देणार, तर बायकोने, अँजेलिनाने, पुन्हा दुर्बिणीकडे पिटाळलं. ऑगस्टमध्ये आठवड्याभरात दोन्ही चंद्र सापडले. ही अँजेलिना लग्नाआधी त्याची गणिताची बाई. पुढे त्याची आकडेमोडही करून द्यायची. पुरुषाइतका मोबदला मागितला, नवऱ्याने नाही म्हटलं, तिने आकडेमोड थांबवली. शोध त्याच्या नावावर; तिच्या वाट्याला, मागाहून, खड्डा. तो मात्र माहेरच्या आडनावाने.

हे सगळं मी सौभाग्यवतींना रंगवून सांगत होतो. हॉलचा मला खरोखर संताप आला होता. त्या तेव्हा अख्ख्या बी विंगचं दूध आटवत होत्या, दरवर्षीप्रमाणे. आणि खालच्या फलकावर 'मसाला दूध : आयोजक' यापुढे, दरवर्षीप्रमाणेच, माझं नाव होतं.

सांगता सांगता माझा आवाज जरा खाली आला.

"पुढच्या वर्षी फलकावर तुझंच नाव घालतो," मी म्हणालो. "माहेरच्या आडनावासकट."

"नावाचं राहू द्या," पातेल्यातली पळी न थांबवता त्या म्हणाल्या. "मोबदल्याचं काय ते बोला."