साभार : व्हॉट्सअ‍ॅप

दिवाळी अंक बाजारात येऊन चार दिवस होत नाहीत, तोच त्याची पीडीएफ सोसायटीच्या ग्रुपवर हजर. सोबत 'वाचनसंस्कृती जपा' हा संदेश आणि दोन पणत्या. १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढणाऱ्या का. र. मित्रांना ही सोय सुचली नाही. बिचारे छपाईवर पैसे घालवत बसले.

व्यंगचित्रकाराचं भाग्य तर त्याहून थोर. चित्र हजारो मोबाइलवर पोचतं, फक्त कोपऱ्यातली सही वाटेत गळते. तिच्या जागी कुणा होतकरू नगरसेवकाचा हसरा फोटो येतो. खाली 'साभार : व्हॉट्सअ‍ॅप'. म्हणजे आभार मानण्याची रीत आपण सोडलेली नाही! कुणी पदरमोड करून कॉमिकचं पुस्तक काढलं आणि प्रदर्शनात टेबल मांडलंच, तर रसिक पान न् पान प्रेमाने चाळतात, आवडलेल्या पानांचे फोटो काढतात आणि 'पीडीएफ असेल तर पाठवा ना' म्हणत वडापावच्या गाडीकडे वळतात. वडापाव मात्र रोखीने.

कायदा कलावंताच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं त्याचे हक्क राखतो. हयातीतलं तेवढं बघायचं राहिलंय.

पीडीएफवाल्यांची मात्र एक अडचण आहे. 'आवाज' दिवाळी अंकातल्या खिडकी चित्रांचं करायचं काय? कापलेल्या चौकोनातून आधी भलतंच काही दिसतं, पान उलटलं की साधंसुधं चित्र निघतं. स्कॅनमध्ये ती खिडकी उघडत नाही. त्यासाठी अजून तरी अंक विकत घ्यावा लागतो.