एक परका माणूस पाहिजे

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मी ‘मानव विकास आणि कौटुंबिक अभ्यास’ शिकते, हे गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या दरेकशात सांगायची सोय नाही. मानव विकास म्हटलं की लोक घरकुलाच्या यादीत नाव घालशील का, म्हणून हळूच विचारतात. कौटुंबिक अभ्यास म्हटलं की प्रकरण आणखी वाढतं. शेजारच्या काकांनी तर बाबांना बाजूला घेऊन विचारलं, “घरात काही भानगड हाय का? पोरीले अभ्यासाले बसवलं म्हणून म्हणतो.”

आजीचा आक्षेप वेगळाच. “पोरं वाढवाले पुस्तक लागते का वं?”

लागतं म्हणावं, तर आमचं एकही पुस्तक दरेकशात टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे पाडले. त्यात पौगंडावस्थेत ‘मी कोण?’ हा पेच पडतो म्हणतात. इथे तो पडायला वावच नाही. स्टेशनातून बाहेर पडलं की कोणीतरी विचारतं, “कोणाची वं तू?” आपण तोंड उघडायच्या आत तिसराच माणूस आजोबांच्या नावासकट उत्तर देऊन मोकळा होतो.

दुसरे मानसशास्त्रज्ञ ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९७९ च्या पुस्तकात मुलाला मधोमध ठेवून भोवती एकात एक वर्तुळं मांडली: घर, शाळा, शेजार, त्यापलीकडे आईबापाचं काम, सरकार, समाज. मी ती वहीत काढून आजीला दाखवली. तिने बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, “रेल्वे कोणत्या गोलात?” हसू नका. आमच्याकडे लोकल रखडली की सालेकशाच्या बाजाराला गेलेली आई रखडते, आई रखडली की चूल रखडते आणि पोर उपाशी भुणभुणत बसतं. ज्या वर्तुळात मूल कधी पाऊल टाकत नाही, तेही त्याचं आयुष्य हलवतं, हा सिद्धांत आजीने रेल्वेच्या टाइमटेबलावरून मांडला. मला तो परीक्षेत दहा ओळींत लिहावा लागला होता.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत मला मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांचा प्रयोग करून पाहायची हुक्की आली. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये त्यांनी तो बसवला. अनोळखी खोली, थोडी खेळणी, वर्षभराचं बाळ, त्याची आई आणि एक परका माणूस. आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. बाळ किती रडतं यापेक्षा आई परतल्यावर ते काय करतं, यावरून दोघांमधली ओढ जोखायची. एकेक भाग साधारण तीन मिनिटांचा.

बाळ घरचंच होतं, माझा भाचरू म्हणावा असा वहिनीचा मुलगा. अडलं ते परक्या माणसापाशी. दरेकशात परका माणूस मिळत नाही. जो येतो तो मामा, नाहीतर मावसा. दोन दिवस वाट पाहून शेवटी मोबाईल टॉवरच्या कामाला आलेला एक अनोळखी तरुण मी पकडून आणला. आजीने त्याला पाणी दिलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि पाणी संपायच्या आत तो आमगावच्या आमच्या आतेच्या दिराचा जावई निघाला. बाळ तोवर त्याच्या मांडीवर चढून त्याच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर चोखत होतं.

तरी म्हटलं, पुढचा भाग तर करू. वहिनीला सांगितलं, “तीन मिनिटं बाहेर जा, मी हाक मारेन तेव्हा ये.” लग्न होऊन या घरात आल्यापासून ‘बाहेर जा, इथे तुझी गरज नाही’ असं तिला बहुधा कोणी प्रथमच सांगत होतं. तिने पदर झटकला, चप्पल घातली आणि गेली. मी तीन मिनिटांनी हाक मारली. दहा मिनिटांनी मारली. वहिनी दुपार उतरल्यावर मैत्रिणीकडून परतली; केसांना तेल, डोळ्यांत झोप झाल्याची लकाकी. बाळ तिच्याकडे पाहून हसलं आणि पुन्हा शेजारणीच्या कडेवर मान टाकून निजलं. एन्सवर्थच्या तक्त्यात याला कोणत्या रकान्यात बसवायचं?

जपानमध्ये साप्पोरोला हाच प्रयोग केला, तेव्हा आईवेगळं राहायची सवय नसलेली बाळं इतकी रडली, की बाळात दोष की प्रयोगात, यावर अभ्यासकांची जुंपली. आमच्याकडे उलट झालं, एवढंच.

आजीला याचं नवल नव्हतं. “हे आपल्या कचारगडात कधीच होऊन गेलं,” ती म्हणाली. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. कथा अशी, की कली कंकालीची ३३ मुलं तिथल्या गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर शिळा बसली. हिरासुका पाटालीरच्या वाद्याने त्यांना बळ आलं, शिळा सरकली, जंगो रायताडने त्यांना मायेनं सांभाळलं आणि पारी कुपार लिंगोने शिकवून शहाणं केलं. म्हणजे एका आईची मुलं वाढवायला गाणारा, सांभाळणारी आणि शिकवणारा अशी तीन माणसं लागली. मी सांगितलं, की अंगणवाडीची योजनाही २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांनीच सुरू झाली. आजी म्हणाली, “सरकारनं इथूनच मोजून नेले असतील.”

माझा निष्कर्ष मी प्रबंधात लिहिणार आहे, इथे फुकट सांगते. बाळाची ओढ मोजणारे खूप झाले, आईची दमछाक मोजणारे कमी. तेव्हा कोणाला हा प्रयोग दरेकशात करायचाच असेल, तर खुशाल या. गोंदियाहून गाडी आहे. परका माणूस मात्र सोबत आणा, आणि त्याचं आडनाव आजीला सांगू नका. आईला बाहेर पाठवाल तेव्हा तीन मिनिटं नको, तीन तास द्या. बाळाकडे बघायला अख्खं गाव आहे.