पीटीचा तास : नव्या मुख्याध्यापकांसाठी पहिला धडा

शारीरिक शिक्षण हा विषय वेळापत्रकात असतो, आणि तो असायलाच हवा. तपासणीला येणारे साहेब आधी वेळापत्रक बघतात. मैदान बघायचे तर उन्हात जावे लागते.

हा तास जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच लावावा. भरल्या पोटी मुलांना पळवू नये हे पालकांनाही पटते, आणि मुले वर्गातच राहतात. मग गणिताच्या बाई दारातून डोकावतील : ‘सर, तास घेऊ का? त्रिकोणमिती राहिलीये.’ सर देतात. पीटीच्या सरांनी कधी गणिताचा तास मागितल्याचे ऐकिवात नाही. मागितलाच, तर सरांची तब्येत विचारावी.

तास गेला तरी सरांना रिकामे ठेवू नये. परिपाठाच्या रांगा, वाढलेले केस, उशिरा येणारी पोरे, स्नेहसंमेलनाचा मांडव, पाहुण्यांपुढचे संचलन ही सगळी शारीरिक शिक्षणाचीच अंगे आहेत. शिट्टी ज्याच्या गळ्यात, शिस्त त्याच्या गळ्यात.

कायद्याला घाबरू नये. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मैदान आहे, खेळाचे साहित्य आहे, सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला की आरोग्य व शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशकही आहे. अंशकालीन हा शब्द नीट वाचावा. मैदानावर शिक्षकांच्या दुचाक्या लावायला हरकत नाही, फक्त तपासणीच्या दिवशी फक्की मारून घ्यावी. साहित्य कपाटात, किल्ली शिपाईमामांकडे, मामा बँकेत. न वापरलेला फुटबॉल साठा नोंदवहीत वर्षानुवर्षे नवाच राहतो.

15 जानेवारी मात्र चुकवू नये. तो खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, आता राज्याचा क्रीडा दिन. 1952 साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकणाऱ्या या पैलवानावर मुलांना सतरंजीवर बसवून तासभर भाषण ऐकवावे. पाठोपाठ निबंधस्पर्धा. हलणाऱ्या मुलाला उभे करावे; तेवढाच व्यायाम.

एरवी या विषयाला नाके मुरडणारे पालक दहावीत अचानक गोड बोलू लागतात, कारण राज्य पातळीवर खेळलेल्यांना बोर्ड सवलतीचे गुण देते. त्यांना चहा द्यावा.

राहिली श्रेणी. ती वहीवर द्यावी. खो-खोचा संघ बाराचा, मैदानात नऊ, त्यातले आठ पाटीवर आणि नववा पाठलागावर, हे सुवाच्य अक्षरात आणि रंगीत आकृतीसह लिहिणाऱ्याला ‘अ’, मग तो जन्मात पाटीवर बसलेला नसला तरी चालेल. शाळेसाठी जिल्ह्याला खेळलेल्या पोराची वही अपुरी असेल तर ‘ब’. सामना चालू असला तरी त्याला बोलावून घ्यावे आणि आधी आकृती पुरी करायला सांगावी.