वाळपईचे दृष्टांतबाब

सकाळी पोदेराच्या सायकलीचा भोंपू वाजला की वाळपईतली माणसं पिशवी घेऊन दारात येतात आणि पाव घेऊन आत जातात. कंडक्टरबाब पिशवी घेऊन येतात ते लवकर आत जात नाहीत. गरम उंडा बोटांनी दाबून बघतात आणि पोदेराला विचारतात, "हो फुगलो कित्याक, सांग पळोवया?"

"यीस्ट," पोदेर म्हणतो.

झालं. एका बाईनं तीन मापं पिठात खमीर लपवलं आणि सगळं पीठ फुगलं, ही ख्रिस्तानं सांगितलेली गोष्ट सुरू होते. देवाचं राज्य असंच आतून, कुणाला न दिसता पसरतं. पूर्वी गोव्यातले पोदेर खमिराला माडाची सूर वापरत, त्यामुळे देवाच्या राज्याला तेव्हा वासही बरा येत असे, अशी पुस्ती कंडक्टरबाब स्वतःची जोडतात. हल्लीचा पोदेर कर्नाटकातून आलेला, ख्रिस्ती नव्हे. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर ठेवून तो सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, "अंकल, पाव किती? आणि मागचे कधी देणार?"

मागची उधारी मूळ गोष्टीत नाही.

त्यांचं खरं नाव इगर्जीतल्या बाप्तिस्म्याच्या वहीत आणि पेन्शनच्या कागदांवर आहे. गावात ते कुणी वापरत नाही. सरकारी बसवर कंडक्टर म्हणून उभी हयात गेली, म्हणून कंडक्टरबाब, आणि ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांच्यात दृष्टांतबाब. दुसरं नाव ऐकून ते दुखावले जात नाहीत, उलट त्यावरही त्यांच्याकडे एक दृष्टांत आहे.

आजोबा बार्देशातून नोकरीपायी सत्तरीत आले आणि इथलेच झाले. सत्तरी म्हणजे नव्या काबिजादींचा मुलूख. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांचा इथे जम बसला तोवर धर्मांतराचा त्यांचा जुना आवेश ओसरला होता. देवळं जागच्या जागी राहिली आणि ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर. वाळपईची इगर्ज लुर्द सायबिणीची, पण तिच्या फेस्ताला खाजं घ्यायला येणाऱ्यांत हिंदू आणि मुसलमान भरपूर. कंडक्टरबाबांच्या ते पथ्यावरच पडतं. सासष्टीत बोधकथा सांगायची तर समोरच्याला ती आधीच पाठ असते. इथे तो धोका नाही.

शिक्षण मराठी प्राथमिक शाळेत झालं, त्यामुळे दृष्टांत नेहमी मराठीतून, तेही थोड्या पुस्तकी. घरात कोकणी, इगर्जीत कोकणी, भांडण कोकणीत, पण उपदेश मराठीत. का, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "उपदेश मराठीतच शोभतो. कोकणीत केला की बायको उत्तर देते."

या सगळ्याला आधार म्हणून ते फादर स्टीफन्सला पुढे करतात. हा इंग्रज जेज्वीत 1579 साली गोव्याला आला, इथली भाषा शिकला आणि ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओव्यांत लिहून गेला. राचोलला 1616 साली ती रोमन लिपीत छापली गेली. ओव्या अकरा हजारांच्या घरात. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची पुराणं सुटली होती आणि पुराण ऐकायची सवय सुटली नव्हती, म्हणून हे पुराण. शांताराम बंडेलूंनी 1956 साली काढलेली देवनागरी प्रत कंडक्टरबाबांकडे वर्तमानपत्राचं कव्हर घालून ठेवलेली आहे. स्वतःला ते त्याच परंपरेत धरतात. फरक इतकाच की स्टीफन्सनं जे काय सांगायचं ते एका ग्रंथात सांगून लोकांना मोकळं केलं.

हॉटेलात पातळ भाजीत मीठ कमी पडलं की कंडक्टरबाब 'तुम्ही पृथ्वीचे मीठ' यावर बोलू लागतात आणि मालक ते तक्रार समजून मीठदाणी आपटतो. पावसाळ्यात वीज गेली की दहा कुमारिका आल्याच. त्यातल्या पाच शहाण्या होत्या, त्यांनी दिव्यासाठी तेल जवळ ठेवलं होतं. आमच्या आळीत त्या पाच म्हणजे इन्व्हर्टरवाल्या. मोबाइलला रेंज नसणं, आधारकार्डावर नाव चुकणं, माकडांनी शहाळी खाली टाकणं, सगळ्यांतून काही ना काही निघतं. निघालं नाही तर काढतात.

नोकरीत असतानाचा त्यांचा एक दृष्टांत मात्र मी प्रवासी म्हणून भोगला आहे. संध्याकाळची पणजी-वाळपई बस. साखळीला थांबली, चार उतरले, पाच चढले. कंडक्टरबाबांनी डोकी मोजली आणि एक कमी भरलं. वाळपईचं तिकीट काढलेला एक गृहस्थ खाली उतरला होता तो परतला नव्हता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कंडक्टरबाबांनी हात वर केला आणि बसला ती गोष्ट सांगितली: शंभर मेंढरं असलेला मेंढपाळ एक हरवलं म्हणून नव्याण्णव रानात सोडून त्याच्या शोधात जातो. एवढं बोलून ते स्वतः शोधात गेले. चहाची दुकानं झाली, पानाची गादी झाली, मुतारीच्या दाराशी हाका मारून झाल्या. इकडे रानातली आम्ही मेंढरं उकडत होतो. पुढच्या सीटवरच्या मासळीवाल्या बाईनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "आनी हांगा म्हजें नुस्तें कुसता, तें कोण सोदतलो?"

मेंढरू दुसऱ्या दिवशी सापडलं. त्याला साखळीत मेहुणा भेटला होता आणि त्याच्या स्कूटरवरून ते आमच्या आधी घरी पोचून जेवलंही होतं. दुसरा माणूस वरमला असता. कंडक्टरबाब म्हणाले, "म्हणजे परीक्षा मेंढपाळाची होती."

माझं त्यांच्याशी भांडण असेल तर ते इथेच आहे. महानुभावांच्या दृष्टांतपाठात केशिराजबासांनी चक्रधरांचे 114 दृष्टांत लावले, त्यात आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे त्याचा अर्थ. कीर्तनकारही थोडंफार याच वाटेनं जातो. ख्रिस्त तर पुष्कळदा गोष्ट सांगून गप्प बसतो. पेरणाऱ्याच्या गोष्टीचा अर्थ काय, हे खुद्द शिष्यांना मागाहून विचारावं लागलं. ऐकणाऱ्याला घरी जाऊन थोडी झोप उडवून घ्यायची सोय त्यात आहे. कंडक्टरबाब दार्ष्टांतिक खिशात घालूनच घराबाहेर पडतात आणि त्याला बसेल असा प्रसंग शोधत हिंडतात. शिवाय त्यांच्या दृष्टांतात भूमिका ठरलेल्या असतात. हरवलेलं मेंढरू आपण, उधळ्या मुलगा आपण, तेल संपलेली कुमारिका आपण. मेंढपाळ कोण, हे सांगायला नको.

तरी माणूस मला आवडतो, कारण तो बघतो. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेच्या दिवसांत तिचे सत्तरीतले व्रतस्थ भक्त, धोंड, बसमध्ये चढत: उघडं अंग, गळ्यात मोगरीच्या कळ्या, हातात वेताची काठी, व्रताचे दिवस, बाहेरच्याच्या हातचं काही न घेणं. कंडक्टरबाब त्यांना धक्का लागू नये म्हणून गर्दी मागे रेटत आणि घरी मुलांना सांगत, उपास करायचा तर असा. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ही लईराईचीच बहीण, ही गोव्याची जुनी समजूत त्यांना बायबलमध्ये कुठे बसवता आलेली नाही. बसवायच्या भानगडीत ते पडलेलेही नाहीत. माझ्या माहितीत ही एकच गोष्ट त्यांनी जशीच्या तशी राहू दिली आहे.

कंडक्टरीणबाईंचा पिंड वेगळा. मासोर्ड्याच्या बाजूला डोंगराच्या उतारावर त्यांच्या माहेरची काजूची बाग आहे आणि ती त्याच बघतात. मार्चमध्ये काजू वेचायला दोन बायका लावल्या होत्या. ऐन दुपारी, बायका बोंडू पिळून बिया वेगळ्या करत असताना, कंडक्टरबाबांनी द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट सांगितली: सकाळी आलेल्या मजुरांना जी मजुरी, तीच शेवटच्या तासाला आलेल्यांना, देवाच्या कृपेत हिशेब नाही. आजवरच्या श्रोत्यांत या दोघींइतकं मन लावून कुणी ऐकलं नसेल. दुसऱ्या दिवशी त्या दुपारी चारला आल्या, तासभर वेचलं आणि पूर्ण मजुरी मागितली.

कंडक्टरीणबाईंनी हूं की चूं न करता ती दिली. नवऱ्याच्या पेन्शनमधून.

वेचून झालं की बोंडू भट्टीवर जातात. तिथे तर कंडक्टरबाबांना रानच मोकळं. कोळंबीत बोंडू पायांनी तुडवायचे, चोथ्यावर दगड ठेवून उरलेला थेंब न् थेंब काढायचा, रस तीन-चार दिवस फसफसू द्यायचा, मग भाणात घालून खाली जाळ. वाफ थंड होऊन लावणीत उतरते तो हुर्राक. तोच पुन्हा भट्टीतून काढला की फेणी. "तुडवल्याशिवाय रस नाही, जाळाशिवाय सत्त्व नाही," कंडक्टरबाब सांगतात, "आणि फेणी म्हणजे दोनदा अग्निदिव्य केलेला आत्मा." भट्टीवाल्याला हे इतकं आवडलं की गिऱ्हाइकांना तो ते स्वतःचं म्हणून ऐकवतो.

पण पंचाईत अशी की हुर्राकाचा मोसम आणि उपवासकाळ एकाच वेळी येतात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावली की कंडक्टरबाबांची दारू बंद, ती ईस्टरपर्यंत. ईस्टर ठरतो चंद्रावर, कधी मार्चअखेर, कधी एप्रिल सरता सरता. फेणी वर्षानुवर्षं थांबते. हुर्राक थांबत नाही, मे संपता संपता त्याचा खेळ आटोपतो. ईस्टर लवकर असला की कंडक्टरबाबांची श्रद्धा प्रसन्न असते. 2025 साली तो 20 एप्रिलला आला, आणि ते भट्टीवरून जाताना दुसरीकडे बघत.

त्याच वर्षी त्यांनी कॅलेंडर मांडीवर घेऊन दिवस मोजले. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत भरले 46. उपवासकाळ तर 40 दिवसांचा! वरचे 6 कोणते? ते रविवार, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस आणि त्या दिवशी उपास मोजत नाहीत. शोध नवा नव्हता, शेकडो वर्षांची मोजणी आहे ही, पण कंडक्टरबाबांना तो नेमका मार्चमध्ये लागला. ओळखीच्या एका पाद्रींना त्यांनी विचारून घेतलं. पाद्री हसले. कंडक्टरबाबांनी ती मंजुरी धरली.

मग आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. इगर्जीचा रविवार शनिवारी संध्याकाळीच लागतो. शनिवारची संध्याकाळची मिसा रविवारचीच धरतात. तेव्हापासून उपवासकाळातल्या दर शनिवारी, ऊन कलायच्या सुमाराला, ते सहज म्हणून भट्टीच्या बाजूला फिरायला जातात. भट्टीवाला लिमक्याची बाटली आणि हिरवी मिरची काढून ठेवतो, पण ग्लास भरत नाही. धर्माच्या कामात तो घाई करत नाही.

"बाब, आयतार जालो?" तो विचारतो.

कंडक्टरबाब कपाळावर हात धरून सूर्य नीट न्याहाळतात. "अर्दो जाला," म्हणतात. "अर्दो ग्लास दी."