ढिला कायदा, पण माझ्यापुरता

परदेशात जाऊन राहणारे दोन प्रकारचे असतात. पहिले पोटासाठी जातात. व्हिसाची तारीख तोंडपाठ ठेवतात, पोलीस दिसला की फुटपाथ बदलतात, शेजाऱ्याशी भांडण झालंच तर स्वतःच माफी मागून मोकळे होतात. दुसरे पोट भरल्यावर जातात. ते पोलिसाला बघून फुटपाथ बदलत नाहीत, त्याला बूट आणि बंदुका घेऊन देतात. मग एके दिवशी तोच पोलीस त्यांच्या दारात उभा राहिला की यांना एकदम मानवी हक्क आठवतात.

या दुसऱ्या प्रकाराचे मुकुटमणी म्हणजे जॉन मॅकॅफी. नव्या लॅपटॉपबरोबर न मागता घरात येणाऱ्या त्या अँटीव्हायरसला ज्यांचं नाव आहे, तेच हे साहेब. १९८७ मध्ये कंपनी काढली, १९९४ मध्ये तिच्यातून बाहेर पडले. पुढे २०१३ मध्ये ते सॉफ्टवेअर संगणकातून कसं काढून टाकावं यावर त्यांनी स्वतःच एक वात्रट व्हिडिओ केला. आपल्या अपत्याबद्दल इतकं खरं बोलणारा बाप विरळाच.

*

साहेबांची संपत्ती एके काळी दहा कोटी डॉलरच्या घरात होती. २००८ च्या मंदीत ती चाळीस लाखांवर आली, असं त्यांनीच अमेरिकी वर्तमानपत्राला सांगितलं. आता चाळीस लाख डॉलरमध्ये अमेरिकेत माणूस फक्त श्रीमंत असतो. राजा व्हायचं तर देश लहान पाहिजे. साहेबांनी बेलीझ निवडला.

बेलीझ म्हणजे पूर्वीचा ब्रिटिश होंडुरास. १९८१ मध्ये स्वतंत्र झाला. मध्य अमेरिकेच्या कडेला कॅरिबियन समुद्राकडे तोंड करून बसलेला, तेव्हा जेमतेम सव्वातीन लाख वस्तीचा. राजभाषा इंग्रजी, त्यामुळे गोऱ्या माणसाला नवी भाषा शिकायची तोशीस नाही. तिथला डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबर निम्म्या भावाला बांधलेला, त्यामुळे हिशेबाचीही तोशीस नाही. सरकारनेही १९९९ मध्ये खास निवृत्तांसाठी कायदा केला. तेव्हाच्या नियमाने वय पंचेचाळीस, बाहेरून येणारी मिळकत महिना दोन हजार अमेरिकी डॉलर, एवढं दाखवा आणि या. मोटार आणा, बोट आणा, जकात माफ. अट एकच : इथे नोकरी करायची नाही. म्हणजे पाहुण्याने काम केलं तर गुन्हा आणि यजमानाने पाहुण्याचं काम केलं तर रोजगारनिर्मिती.

या देशाचं सगळ्यात मोठं बेट म्हणजे अ‍ॅम्बरग्रिस की. सॅन पेद्रो हे तिथलं गाव. समोर जगातली दुसऱ्या क्रमांकाची प्रवाळभिंत, रस्त्यावर मोटारींपेक्षा गोल्फ कार्ट जास्त. अशा गावात कुणाला कसली घाई असणार, असं आपल्याला वाटतं. मॅकॅफींनी मात्र समुद्रावर बंगला घेतला आणि दारात हत्यारबंद रखवालदार ठेवले. वर कुत्र्यांचा तांडा. स्वर्गात घर घेऊन फाटकावर बंदूक ठेवायची वेळ येते, तेव्हा जागा चुकली की माणूस, हा प्रश्न रास्त आहे.

*

दानधर्मात साहेब मागे नव्हते. देशाच्या तटरक्षक दलाला बोट दिली. मुख्य भूमीवर ऑरेंज वॉक जिल्ह्यात जंगलाच्या कडेला दुसरा तळ ठोकला, तेव्हा जवळच्या खेड्यात चोऱ्या फार होतात म्हणून पोलीस चौकीच उभी करून दिली. शिपायांना बूट, मिरचीचे फवारे, लाठ्या आणि रायफली दिल्याच्या बातम्या अमेरिकी मासिकांनी चवीने छापल्या.

परोपकारच तो. फक्त आपल्या खर्चाने शिपायाला बूट घातले की चालायची दिशाही आपण ठरवणार, असं दात्याला नकळत वाटू लागतं. आणि शिपायाच्या घरी पगार सरकारकडूनच येतो, हे तो विसरतो.

३० एप्रिल २०१२ रोजी सरकारने त्याची आठवण करून दिली. टोळ्यांचा बंदोबस्त करणाऱ्या खास पोलीस पथकाने त्या जंगलातल्या तळावर धाड घातली. तिथे जंगलातल्या वनस्पतींपासून जंतूंवर नवी औषधं शोधण्याचं काम चालतं, असं साहेब सांगत. पोलिसांना संशय अमली पदार्थांचा. धाडीत एक कुत्रा मारला गेला, साहेबांना रात्रभर कोठडी घडली. शेवटी आरोप काहीच ठेवला नाही. साहेबांचं म्हणणं, एका राजकारण्याने देणगी मागितली, मी दिली नाही, म्हणून हा सूड.

असेलही. ही तक्रार कुठल्याही भारतीयाला ऐकल्याबरोबर पटावी अशीच आहे. पण त्याच पथकाच्या धाडी बेलीझ सिटीच्या दक्षिण भागातल्या गरीब वस्त्यांत नेहमीच्या होत्या. त्या वर्षी या देशात दर लाख माणसांमागे चाळीसहून जास्त खून झाले. त्या वस्तीतल्या पोराचं दार फुटलं तर कुठल्या अमेरिकी वाहिनीचा फोन येत नव्हता. पोलिसांची दांडगाई तीच, फक्त दार बदललं आणि जगाला कळलं की बेलीझमध्ये पोलिसांची दांडगाई चालते.

*

आता बेटावरचा मामला. तो सुरू झाला कुत्र्यांवरून.

आपल्याकडे कुठल्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला गेलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. कुत्री रात्रभर भुंकतात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या अंगावर धावतात. त्यात बेलीझमध्ये पाण्यालगतची ६६ फुटांची पट्टी सार्वजनिक असते, बंगला कुणाचाही असो. म्हणजे चालणाऱ्याचा हक्क पक्का आणि चावणाऱ्याचा दात त्याहून पक्का. पलीकडे राहणाऱ्या शेजाऱ्याने गावच्या नगर परिषदेकडे तक्रार केली. हा शेजारीही बेटाचा भूमिपुत्र नव्हता. तोही अमेरिकनच, फ्लोरिडाहून आलेला. दोन अमेरिकन अमेरिका सोडून हजार मैलांवर आले आणि कुत्र्यांवरून भांडले. निवाडा करायचा कुणी, तर सॅन पेद्रोच्या नगर परिषदेने.

नोव्हेंबर २०१२ मध्ये मॅकॅफींच्या कुत्र्यांवर विषप्रयोग झाला. तडफडणारी कुत्री आपणच गोळ्या घालून सोडवली, असं त्यांनी सांगितलं. दोनच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, तो शेजारी स्वतःच्या घरात मृतावस्थेत सापडला. डोक्यात गोळी होती.

इथे विनोद थांबतो. मॅकॅफींनी हा खून आपण केला नाही असं शेवटपर्यंत सांगितलं आणि त्यांच्यावर कधी त्याचा आरोपही ठेवला गेला नाही. पोलिसांना फक्त चौकशी करायची होती. शेजाऱ्याशी वाद असलेल्या माणसाला काही प्रश्न विचारणं, हे जगातल्या कुठल्याही पोलिसाचं पहिलं काम.

साहेबांनी काय केलं? वाळूत खड्डा केला, आत पडून राहिले आणि श्वास घेता यावा म्हणून डोक्यावर पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं. हे त्यांनीच पत्रकाराला फोन करून सांगितलं. पोलीस आपल्याला ठार मारणार आहेत, अशी त्यांची खात्री होती. फरार माणूस सहसा पोलिसांना टाळतो, पत्रकारांनाही टाळतो. हे फक्त पोलिसांना टाळत होते. केसांना रंग लावणं, फेरीवाल्याचं सोंग घेणं, या लपण्याच्या कथा रोज ताज्या पुरवल्या जात होत्या.

पंतप्रधान डीन बॅरो यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितलं की या गृहस्थांना भलताच भयगंड आहे, डोकंच फिरलंय म्हणा ना. एका सार्वभौम राष्ट्राच्या पंतप्रधानाला एका भाडोत्री राजाच्या मनःस्थितीवर निवेदन द्यावं लागलं, यातच राजाचं यश आलं.

*

पळून गेले कुठे, तर ग्वाटेमालात. बेलीझच्या निम्म्याअधिक भूमीवर ग्वाटेमालाचा जुना दावा आहे. यजमानावर रुसलेला पाहुणा यजमानाच्या शत्रूकडे गेला, इतकं शुद्ध राजकारण. बरोबर एका नामांकित नियतकालिकाचे पत्रकार होते. त्यांनी ‘आम्ही त्यांच्यासोबत आहोत’ असं मिरवत एक फोटो प्रसिद्ध केला. फोटोच्या पोटात फोनने नोंदवलेले अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते. जगाने नकाशा उघडला आणि साहेब सापडले. साहेबांनी आधी सांगितलं, ती माहिती मीच मुद्दाम खोटी घातली होती. मग कबूल केलं, खरीच होती. संगणकाच्या सुरक्षिततेवर ज्यांनी कोट्यवधी कमावले, त्यांचा पत्ता एका मोबाइलने फुकटात वाटला. बेलीझच्या पोलिसांना जे आठवडेन् आठवडे जमलं नाही ते जमलं, आणि त्यासाठी कुणाला बूटही घेऊन द्यावे लागले नाहीत.

५ डिसेंबरला ग्वाटेमाला सिटीत अटक झाली, गुन्हा बेकायदा प्रवेशाचा. आश्रय मागितला, नाकारला. छातीत दुखलं म्हणून रुग्णालयात गेले. ते दुखणं वकिलाला वेळ मिळावा म्हणून काढलेलं होतं, हे पुढे त्यांनीच सांगितलं. १२ डिसेंबरला विमानात बसवून मायामीला पाठवलं. बेलीझकडे नाही. अमेरिकेकडे, ज्या देशाच्या कायद्याचा जाच नको म्हणून ते बेटावर गेले होते. त्या दिवशी मात्र अमेरिकी पासपोर्टसारखं दुसरं सुख नव्हतं.

या प्रकरणातली गोम इथेच आहे. बेटावरच्या मच्छीमाराला पोलिसांची भीती वाटली तर तो जाणार कुठे? त्याला एकच देश आहे. पोट भरल्यावर गेलेल्याकडे दोन असतात : एक मजेसाठी, एक संकटासाठी. पहिल्यात कायदा ढिला असावा, दुसऱ्यात दूतावास तत्पर असावा, अशी त्याची माफक अपेक्षा असते. ढिलाईची मात्र एक खोड आहे. ती माणूस बघून थांबत नाही. जो शिपाई तुमच्या रखवालदारांच्या बंदुकांकडे काणाडोळा करतो, तो उद्या तुमच्या शेजाऱ्याच्या मारेकऱ्याकडेही करील आणि परवा वरून हुकूम आला की तुमचं दार फोडताना वॉरंट नीट वाचणार नाही. एकाच झऱ्याचं पाणी आहे ते. आपल्या घोटापुरतं गोड मिळणार नाही.

*

धडा शिकले असतील असं वाटत असेल तर पुढचं ऐका. २०१९ मध्ये अमेरिकी करखात्याच्या भीतीने साहेब पुन्हा कॅरिबियनमध्ये. आधी हवाना. क्युबाला स्वतःचं आभासी चलन काढून द्यायची ऑफर दिली. कर टाळणाऱ्या माणसाने कम्युनिस्ट सरकारला अर्थकारण शिकवायला निघावं, ही कॅरिबियन हवेची जादू. मग जुलैत डॉमिनिकन रिपब्लिकच्या पोर्तो प्लाता बंदरात त्यांची नौका थांबवली गेली. आत हत्यारं सापडली, काही दिवस अटकेत ठेवून सोडून दिलं. बेट नवं, पोलीस नवे, गोष्ट तीच. फरक एवढाच, की इथल्या पोलिसांना त्यांनी आधी बूट वाटले नव्हते.

पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये स्पेनमध्ये अटक आणि २३ जून २०२१ रोजी, अमेरिकेच्या हवाली करायला न्यायालयाने परवानगी दिल्याची बातमी आली त्याच दिवशी, बार्सिलोनाजवळच्या तुरुंगात मृत्यू. आत्महत्या, असं तपासाने ठरवलं.

त्या शेजाऱ्याचं काय? फ्लोरिडातल्या न्यायालयाने २०१९ मध्ये दिवाणी दाव्यात मॅकॅफींनी त्याच्या वारसांना अडीच कोटी डॉलर द्यावेत असा आदेश दिला. साहेब म्हणाले, देणार नाही. खुनाचा खटला मात्र ना फ्लोरिडात चालला ना बेलीझमध्ये. मारणारा कोण, हे कुठल्याही फौजदारी न्यायालयाने ठरवलेलं नाही. ठरलं ते एवढंच की गोष्ट फार रंजक आहे. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर माहितीपट आला. त्यात पळणारा नायक, पाठलाग करणारे पोलीस विदूषक आणि मेलेला माणूस कथेला सुरुवात करून देण्यापुरता. वाळूतलं खोकं सगळ्यांना आठवतं. नगर परिषदेत गेलेला तक्रारअर्ज कुणाला आठवत नाही.

तरीही बेटांवरच्या घरांची जाहिरात थांबलेली नाही. निळं पाणी, पांढरी वाळू, कमी कर, मनमिळाऊ स्थानिक लोक. आपल्याकडचेही काही यशस्वी लोक हल्ली त्या पानावर जरा जास्त वेळ रेंगाळतात, म्हणून फुकटचा सल्ला. घर बघायला जाल तेव्हा सूर्यास्ताच्या फोटोत वेळ घालवू नका. गावच्या न्यायालयात जा आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल केलेल्या अर्जाचा निकाल किती दिवसांत लागतो, ते विचारा. दोन आठवड्यांत लागतो म्हणाले, तर मात्र घाईने सही करू नका. इतक्या कडक कायद्याच्या गावात राहायला आपल्याला खरंच आवडेल का, याचा आधी नीट विचार करा.