पावती देणारा चोर

डिजिटल अटकेतलं बाकी सगळं मी समजून घ्यायला तयार आहे. तुमच्या नावाचं पार्सल सापडलं, त्यात अमली पदार्थ निघाले, व्हिडिओ कॉलवर गणवेशातले साहेब, ‘कॅमेरा बंद करायचा नाही, घरात बोलायचं नाही’. ठीक. धंदा म्हटला की नेपथ्य आलंच. माझं घोडं अडतं ते पावतीवर. बोरिवलीच्या निवृत्त काकांनी मुदत ठेव मोडून पैसे ‘पडताळणीसाठी’ पाठवले की लगेच मोबाइलवर पावती हजर. गोल शिक्का, सही, जावक क्रमांक, कलम. (फसवणुकीचं कलम १ जुलै २०२४ पासून ४२० चं ३१८ झालं. आमच्या सोसायटीतले वकील अजून ४२० वरच आहेत.) खाली वाक्य : चौकशीअंती रक्कम परत मिळेल.

चोराने पावती का द्यावी?

कारण त्याने आपल्याला पुरतं ओळखलंय. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीसाठी हुज्जत घालणारा माणूस शिक्का दिसला की गप्प होतो. त्यात आयुष्यभर कुणी त्याला मागितल्याशिवाय पावती दिलेली नाही. मेंटेनन्सचा चेक दिला, तर पावती तीन महिन्यांनी, कारण सेक्रेटरी गावाला गेलेत. पुनर्विकासवाला थकलेलं भाडं सोडाच, फोनही घेत नाही. आणि बँक! तीस वर्षांचं खातं, तरी दर थोड्या दिवसांनी केवायसी. तेच आधार, तेच पॅन, तोच फोटो. कागदांची पोच मागा, खिडकीमागचा माणूस असा बघतो, जणू त्याची किडनी मागितली. ‘सिस्टीममध्ये दिसेल.’ दिसत नाही. पुढच्या महिन्यात खातं गोठतं आणि आपण पुन्हा त्याच रांगेत, त्याच झेरॉक्स घेऊन, आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला उभे. चोराला यातलं काही लागत नाही. तो पहिल्याच फोनवर आधारचे शेवटचे आकडे, पत्ता, वडिलांचं नाव घडाघडा सांगतो.

हे त्याला कुठून मिळालं, ते काकांना विचारू नका. अंधेरी स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बघा. प्रिंटसाठी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं माझं आधार त्या कॉम्प्युटरवर उघडंच होतं. शेजारी कुणाचं आयकर विवरण, कुणाच्या मुलीचा लग्नाचा बायोडेटा. सिमवाला, लॉज, जिम, भाडेकरार, सगळ्यांना आधार हवं. सांभाळायची जबाबदारी कुणाचीच नाही. उलट काका फसले की घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एकच सूर : शिकलेल्या माणसाला एवढं कळू नये? अहो, शिकलेला आहे म्हणूनच कागदावर विश्वास ठेवला ना त्याने!

चोराच्या मनात काय चालतं म्हणाल, तर बहुधा महिन्याचं टार्गेट. म्यानमार, कंबोडियातल्या असल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर आपलीही मुलं सापडली आहेत. डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेलं, पासपोर्ट काढून घेतला आणि फोनवर बसवलं. म्हणजे त्यांनाही कुणीतरी नेमणूकपत्र दिलं असणार. शिक्का मारून.

तेव्हा पावती कितीही देखणी असो, आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. पैसे गेलेच, तर त्याच मिनिटाला सायबर हेल्पलाइनचा १९३० फिरवा; ते या खात्यातून त्या खात्यात पळायच्या आत अडवता येतात. लाज नंतर वाटून घ्या.