सारस ढगात गेला

गोंदियात सारसाची एक जोडी पाहिली. पुण्याला परतून मोजले तर बावीस सारस भरले.

थाप नाही. बरा आलेला फोटो एकच. तो कॅमेऱ्याच्या कार्डात होता. लॉजवर लॅपटॉपमध्ये उतरवला, लॅपटॉपने कुणी न सांगता क्लाउडवर चढवला, क्लाउडवरून तो टॅबवर उतरला. टॅबवर जरा उजळ केला, तर टॅबने मूळ प्रत आणि सुधारित प्रत असे दोन संसार थाटले. मधल्या काळात कॅमेऱ्याने वायफायवरून फोनला एक बारकी प्रत देऊन ठेवली होती. ती घरच्या ग्रुपवर टाकली, बायकोच्या फोनमध्ये उतरली आणि आमचं खातं एकच असल्यामुळे संध्याकाळी माझ्याकडेच पाहुणी म्हणून परत आली. असं करत अकरा फोटो. यंत्रवाले याला सिंक म्हणतात. आमच्याकडे खोगीरभरती म्हणतात.

महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून निघते आणि अख्खं राज्य आडवं कापून गोंदियाला थांबते. एवढ्या प्रवासात पूर्वी माणूस एखादी कादंबरी संपवायचा, शेजाऱ्याशी सोयरीक जुळवायचा. मी चार्जिंगचा प्लग मिळवला आणि तो पुणे ते गोंदिया राखला. पिशवीत कपड्यांचे तीन जोड आणि वायरी सात.

गोंदिया म्हणजे तलावांचा मुलूख. जुने मालगुजारी तलाव, त्यांच्या खाली गावच्या बोड्या, त्यांच्या खाली धानाच्या बांध्या. या पाणथळीवर सारस जगतो. माणसाच्या उंचीचा पक्षी, राखी अंग, लाल डोकं. परसवाडा, झिलमिली ही तळी सारसासाठी माहितीची. महाराष्ट्रात त्याचा मुख्य मुक्काम याच जिल्ह्यात उरला आहे आणि त्याची बेरीज अलीकडे तिसाच्या आसपास घुटमळते. आमच्या सोसायटीतल्या दुचाक्या याहून जास्त आहेत.

ही बेरीज करतात कशी, ते ऐकून मला माझीच लाज वाटली. जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, वनखातं आणि 'सेवा' ही इथली संस्था गावोगावची माणसं घेऊन पहाटे तळ्यांवर जाऊन बसतात. अडचण अशी की वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या पलीकडे बालाघाट लागतो, म्हणजे मध्य प्रदेश. सारसाला राज्याची हद्द शिकवलेली नाही. सकाळी इकडच्या बांधीत चरेल, उन्हं चढेपर्यंत तिकडच्या. म्हणून मोजणी दोन्हीकडे जुळवून घेतात, एकच पाखरू दोन राज्यांच्या खात्यावर चढू नये यासाठी. दोन राज्यं, दोन वनखाती, मध्ये दोन नद्या, तरी त्यांचं जमतं. माझी चार यंत्रं एकाच पिशवीत होती.

बरं, प्रती वाढल्या एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. कॅमेऱ्याचं घड्याळ सव्वा तास मागे होतं. फोनचं घड्याळ अचूक. दोन्हींचे फोटो लॅपटॉपने वेळेनुसार लावले आणि इतिहास बदलला. कॅमेऱ्यात सारस उडून गेले, फोनमध्ये ते सव्वा तासाने येऊन उतरले, आणि तर्रीपोहे आम्ही त्यांच्या आधी खाल्ले की नंतर, यावर घरात अजून एकमत नाही. निघण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी लावून घ्यावं, इतकंच काम. अर्ध्या मिनिटाचं आहे, म्हणूनच राहतं.

रात्री लॉजवर फोनने 'जागा संपली' म्हणून गळा काढला. गुगल फोटोजमधली फुकटची अमर्याद जागा १ जून २०२१ ला संपली हे आपण सगळे विसरतो. आता १५ जीबीत टपाल, कागदपत्रं आणि फोटो असं एकत्र कुटुंब नांदतं. माझं खातं कुणाचं ते सोडा, पण दुखणं तेच. मी म्हटलं, क्लाउडवर आहेतच, फोनमधले पुसू. पुसले. ते क्लाउडवरूनही पुसले गेले. टॅबवरूनही. पुसण्याच्या कामात मात्र कॅमेरा सोडून बाकी तिन्ही यंत्रांचं एकमत झालं, तेही तळमजल्यावरच्या रडतखडत चालणाऱ्या वायफायवर! तेव्हा उमगलं, सिंक म्हणजे राखणदार नव्हे, नकलाकार. तुम्ही पेरलंत तर तो पेरतो, तुम्ही पेटवलंत तर तोही पेटवतो. डिजिटल कचरापेटी काही आठवडे उचलत नाहीत म्हणून वाचलो. शिवाय कार्ड पुसलं नव्हतं. घरी पोचेपर्यंत कार्ड पुसू नये, हा या सगळ्या प्रवासातला माझा एकमेव शहाणपणा, आणि तोही आळसापोटी घडलेला.

आमच्याबरोबरचे एक स्नेही दर्जाचे भोक्ते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून बारीक होतो, म्हणून ते फोनमधला प्रत्येक फोटो डॉक्युमेंट म्हणून धाडतात. दर्जा शाबूत राहतो हे खरं. पण फोनमध्ये ठिकाणाची नोंद चालू असेल तर त्याबरोबर अक्षांश-रेखांशही शाबूत पोचतात. सारस पावसाळ्यात पाणथळीत, धानाच्या बांधीत घरटं करतो, बहुधा दोनच अंडी घालतो आणि जोडीने महिनाभर उबवतो. त्या घरट्याचा नेमका पत्ता तीन ग्रुपवर पडला, की पुढच्या रविवारी त्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर किती गाड्या उभ्या राहतील? स्नेह्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पण शार्पनेस बघा ना."

रोवणी चालू होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या एका बाईने मान वर करून आमची तिपाई, कॅमेरा, फोन, टॅब असं सगळं दुकान न्याहाळलं. "पाखरू पायलं का जी, का नुसता फोटूच काढला?" मी पटकन कॅमेऱ्याच्या पडद्यात बघून खात्री केली. पाहिलं होतं.

आता त्या फोटोविषयी. जोडी माना उंच करून एकसुरात साद घालते आहे, खाली हिरवंगार पाणी आणि वर, नेमकी दोघांच्या डोक्यावरून, विजेची तार. सगळ्या सौंदर्याची माती. परतीला स्टेशनच्या वाटेवर गाडीत बसल्या बसल्या टॅबवर त्या तारेवरून बोट फिरवलं. तीन सेकंदांत तार गेली आणि तिच्या जागी आकाश आलं, तेही मूळ आकाशापेक्षा निळं. मोठ्या कौतुकाने गाडीवाल्या भाऊंना दाखवलं. त्यांनी बघितलं, पुन्हा बघितलं.

"तार कुठं गेली जी?"

"काढली."

"हे बरं हाय. इथून काढाले कोनाले जमत नाही."

अडीच मीटरपर्यंत पंखांचा पसारा असलेलं हे जड पाखरू शेतावरून उडतं तेव्हा तार त्याच्या वाटेत येते. या जिल्ह्यात तारांनी सारस मेले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारसांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, त्यात शेतांवरच्या या वीजवाहिन्यांचाही विषय निघाला. न्यायालयाला जे काम कागदांच्या थप्प्या रचून करावं लागतं, ते माझ्या टॅबने सिग्नल नसलेल्या रस्त्यावर उरकलं होतं. आणि तार पुसलेल्या त्या फोटोला 'किती निर्मळ निसर्ग' अशा प्रतिक्रिया आल्या. मी प्रत्येकीला हात जोडल्याचं चित्रही टाकलं.

परवा रविवारी बसून सगळ्या यंत्रांची साफसफाई केली. बावीसपैकी वीस सारस पुसले. जे दोन उरले आहेत, त्यांच्या डोक्यावर तार आहे.